मैदानावरचा रॉक आणि माझा डावा कान

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्रेस शॉपमध्ये मी 19 वर्षे काम करीत आहे. पत्रा कापणाऱ्या आणि वाकवणाऱ्या यंत्रांचा आवाज तेथे अखंड चालू असल्यामुळे कानांत प्लग आणि त्यांवर इअरमफ घातल्याशिवाय आत पाऊल टाकू दिले जात नाही, आणि वर्षातून एकदा प्रत्येकाच्या श्रवणशक्तीची तपासणी होते. तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीत माझ्या डाव्या कानाचा आलेख 4000 हर्ट्झच्या आसपास खाली गेलेला दिसला. मोठ्या आवाजाने कान बिघडू लागला की त्याची पहिली खूण बहुधा याच ठिकाणी उमटते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि कारखान्याबाहेर कुठे मोठ्या आवाजात थांबता का, असे विचारले. दोनच महिन्यांपूर्वी मी एका रॉक मैफलीत डावीकडच्या स्पीकरच्या शेजारी अडीच तास उभा होतो. त्या रात्री परत येताना रसवंतीवर थांबलो, तेव्हा चरकाच्या चाकावरचे घुंगरू हलताना दिसत होते, पण त्यांचा आवाज मला येत नव्हता. पुढे दोन दिवस कानात बारीक शिट्टी वाजत राहिली. तिसऱ्या दिवशी ती थांबली, तेव्हा झाले ते विसरूनही गेलो होतो.

नकोशा आवाजापासून दिवसभर कान जपायचे आणि ज्या संगीतासाठी ते जपायचे तेथेच ते उघडे सोडायचे, ही माझी चूक मला फार लागली. त्यानंतर मी एकाही मैफलीला गेलो नाही. यंदा एप्रिलमध्ये, कॉलेजपासून ज्या बँडच्या कॅसेट झिजेपर्यंत ऐकल्या, तोच बँड नाशिकला येणार असल्याचे भाचीने सांगितले. कार्यक्रम गंगापूर रस्त्यावर आनंदवलीच्या पुढे एका लॉन्सवर, म्हणजे उघड्यावर होता. "मामा, तू येणार नसशील तर मीही जाणार नाही," असे ती म्हणाली. मी दोन पास काढले, पण या वेळी जायचे ते पूर्ण तयारीनिशी, असे ठरवले.

तयारीचा मोठा भाग आवाजाच्या हिशेबाचा होता. सुरक्षा प्रशिक्षणात आम्हाला शिकवलेले गणित असे आहे की 85 डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतो, आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. या गणिताने 88 डेसिबलला चार तास उरतात, 94 ला एक तास आणि 100 ला केवळ पंधरा मिनिटे. रॉक मैफलीत 100 डेसिबल ही काही विशेष गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मैफलींच्या ठिकाणांसाठी सुचवलेली सरासरी पातळीची कमाल मर्यादासुद्धा तेवढीच आहे. कारखान्यातले फोमचे प्लग आवाज पुष्कळ कमी करतात, परंतु त्यांनी वरचे स्वर अधिक दबतात आणि गाणे गोधडीखालून आल्यासारखे ऐकू येते. म्हणून मी वादक वापरतात तसे फिल्टरचे प्लग मागवले. ते सर्व स्वर साधारण सारख्याच प्रमाणात, सुमारे 15 डेसिबलने, खाली आणतात. भाचीसाठीही एक जोडी घेतली. तिने प्रथम नाक मुरडले, तेव्हा मी तिच्यापुढे माझा आलेख ठेवला. तो पाहिल्यावर तिने पुन्हा नकार दिला नाही.

उन्हाची तयारी त्यामानाने सोपी होती. पारा त्या दिवशी 38 अंशांवर होता. दुपारी दहीभात खाल्ला, निघण्यापूर्वी दोन ग्लास पन्हे घेतले आणि सुती कपडे घातले. सिडकोतून मायको सर्कलमार्गे आनंदवलीपर्यंत पोहोचायला तास लागला. प्रवेशद्वाराशी गर्दीमुळे मोबाइलचे नेटवर्क ठप्प झाले होते, त्यामुळे अनेकांच्या पासावरचा कोड उघडतच नव्हता आणि लहान मुलांना घेऊन आलेली माणसे भर उन्हात ताटकळत होती. मी कोडचे चित्र आदल्या रात्रीच फोनमध्ये जतन करून ठेवल्यामुळे आम्ही दहा मिनिटांत आत गेलो. बाटल्या मात्र बाहेर काढून घेतल्या आणि आत पाण्याचे नळ दोनच होते. एवढ्या उष्णतेत हजारो माणसे उभी करताना पाण्याची सोय अशी तोकडी ठेवणे मला अक्षम्य वाटले, आणि ते मी तेथील व्यवस्थापकांना सांगितलेही.

आत गेल्यावर भाची मंचाकडे धावली, कारण कठड्यालगतची जागा अजून मोकळी होती. मी तिला थांबवून मंचापासून सुमारे 35 मीटरवर, मैदानाच्या मधोमध, आवाजाचे नियंत्रण करणारे लोक त्यांच्या कन्सोलसह बसतात तेथे नेले. संपूर्ण आवाजाचे मिश्रण त्या माणसांच्या कानांना जसे लागते तसे केले जाते, म्हणून त्यांच्याजवळ उभे राहणाऱ्याला गाणे सर्वांत नितळ ऐकू येते. वडील मला लहानपणी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला नेत, तेव्हाही ते कर्ण्यासमोर कधी बसत नसत. फोनवरच्या मापकाने, जो फार अचूक नसतो, मैफल सुरू झाल्यावर कठड्यापाशी 104 आणि कन्सोलजवळ 98 दाखवले. त्या 98 मधून प्लगचे 15 वजा केले की 83 उरतात, म्हणजे गाण्यांचे दोन-अडीच तास निर्धास्तपणे ऐकता येणार होते.

पहिल्या गाण्याआधी मी प्लग घातले, तेव्हा सारे मवाळ होऊन जाईल अशी भीती मनात होती. ड्रमचा पहिला ठोका पडला आणि तो छातीवर लागला. पंचवटीत वाढल्यामुळे नाशिक ढोलाचा हा धक्का माझ्या ओळखीचा आहे. मिरवणुकीत ढोल केवळ कानांनी ऐकला जात नाही, तो बरगड्यांना जाणवतो, आणि तेवढे कोणताही प्लग अडवू शकत नाही. मग हळूहळू त्यावरचे थर उलगडू लागले. बेस वेगळा, दोन गिटारी वेगवेगळ्या, आणि या सर्वांच्या वर ड्रमवादकाच्या डाव्या पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, ती उघडताना होणारी सळसळ आणि मिटताना होणारा बारीक टिक. माझ्या आलेखातला खड्डा ज्या पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यात हा आवाज बराचसा असतो. तो मला कायमचा हरवला असे मी तीन वर्षे धरून चाललो होतो. पहिली दोन गाणी मी फक्त तेवढाच ऐकत उभा राहिलो, आणि डोळ्यांत पाणी आले ते मी पुसले नाही.

मध्ये एकदा पाण्यासाठी मैदानाच्या मागच्या टोकाला गेलो, तेव्हा ड्रमवादकाची काठी खाली आल्यानंतर ठोका थोडा उशिरा पोहोचत असल्याचे स्पष्ट दिसत होते. अशा उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 350 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर चांगला एक चतुर्थांश सेकंदाहून अधिक विलंब होतो. झांजांची धारही तेथे बोथट झाली होती, कारण एप्रिलच्या कोरड्या हवेत उंच स्वर अंतरागणिक अधिक शोषले जातात. उष्णतेचा त्रास वादकांनाही होत होता. तारा तापून सैलावतात आणि स्वर उतरतो, त्यामुळे गिटारवादक दर एक-दोन गाण्यांनंतर वाद्य बदलत किंवा जुळवत होता. त्या थांब्यांवर काही जण ओरडून नाराजी व्यक्त करीत होते. मला मात्र त्याची ती चिकाटी आदराची वाटली.

सूर्यास्तानंतर जमीन निवू लागली. दिवसा तापलेल्या जमिनीवरून ध्वनी वर वळतो आणि रात्री खालची हवा थंड झाली की तो पुन्हा जमिनीकडे झुकतो, त्यामुळे उशिराचा आवाज गोदावरीपलीकडच्या वस्तीपर्यंतही स्पष्ट जात असणार. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, आणि अशा रात्री तो नियम किती रास्त आहे हे कळते. बँडने शेवटचे गाणे 9 वाजून 40 मिनिटांनी सुरू केले आणि दहाला पाच मिनिटे कमी असताना वाद्ये खाली ठेवली.

वाहनतळातून बाहेर पडायला पाऊण तास लागला. परतीच्या वाटेवर एक रसवंती अजून उघडी दिसली आणि मी गाडी रस्त्याच्या अलीकडेच थांबवली. रस्त्यापलीकडे चरक फिरत होता. मी उजव्या कानावर तळहात दाबून धरला. डाव्या कानात शिट्टी नव्हती, आणि घुंगरू वाजत होते. भाची तोवर रस्ता ओलांडून गेली होती. तिने रसवाल्याला दोन ग्लास सांगितले, एक बिनबर्फाचा.