टीबीच्या तपासणीत एचआयव्ही निघाला, तिथून पुढचं सगळं

माझा एचआयव्ही टीबीमुळे कळला. खोकला जाता जात नव्हता, संध्याकाळी कणकण, पॅन्ट कमरेवर राहीना, शेवटी सिव्हिलला थुंकी तपासली तर टीबी, आणि टीबी निघाला की एचआयव्हीची टेस्ट करतातच म्हणून तिथंच आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्हीची टेस्ट आणि समुपदेशन करतात त्या केंद्रात, पाठवलं. पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या किटने टेस्ट करतात, तिन्ही पॉझिटिव्ह आल्या तरच पक्कं धरतात. काउन्सिलर ताईंनी दार लावून घेतलं, आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं. मी एवढंच विचारलं, ताई किती दिवस राहिले? त्या म्हणाल्या, दादा गोळ्या रोज घेतल्या तर पोरांची लग्नं बघाल.

माझी सीडी४, म्हणजे आजारांशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींची मोजणी, आली ८६. निरोगी माणसाची ५०० च्या वर असते. डॉक्टर मॅडमनी कागदावर काढून समजावलं की हा व्हायरस नेमक्या सीडी४ पेशींतच शिरतो, तिथंच वाढतो आणि त्यांनाच मारतो. सुरवातीला फार तर फ्लूसारखा ताप येऊन जातो, नंतर आठ-दहा वर्षं माणूस धडधाकट दिसतो पण आत पेशी कमी होत असतात, आणि २०० च्या खाली गेल्या किंवा टीबी, न्यूमोनिया, मेंदूतली बुरशी असं काही मोठं झालं की त्याला एड्स म्हणतात. म्हणजे मी एड्सला पोचलेलो होतो. पण मॅडम म्हणाल्या तिथून पण माणसं परत येतात, आणि मला हे सगळ्यांना ओरडून सांगायचंय कारण आमच्याकडे एड्स म्हटलं की लोक तिरडीचीच तयारी करतात.

आधी टीबीच्या गोळ्या चालू केल्या, त्या अंगाला सोसल्यावर एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं. मला मिळालेल्या गोळीला टीएलडी म्हणतात, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत, सरकारकडून फुकट. २००४ पासून एचआयव्हीची औषधं फुकट आहेत आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असू दे, पॉझिटिव्ह आला की चालू करतात. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे डोल्युटेग्राविरचा असर कमी होतो म्हणून मला बारा तासांनी त्याची एक जादा गोळी होती, टीबीचा कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांनी ती बंद केली. शिवाय दुसरी इन्फेक्शन होऊ नयेत म्हणून सेप्ट्रानची गोळी रोज. ॲसिडिटीच्या, कॅल्शियमच्या गोळ्या टीएलडीबरोबर घ्यायच्या नाहीत हे पण बजावलं होतं.

एआरटी चालू झाल्यावर थोड्याच दिवसांत मानेत लिंबाएवढी गाठ आली आणि ताप चढला. गोळ्याच बाधल्या असं वाटून घरचे बंद कर म्हणून मागे लागले. मॅडमनी तपासून सांगितलं की शरीराची ताकद परत यायला लागली की ते लपलेल्या टीबीशी जोरात भांडायला लागतं, त्याची ही सूज, गोळ्या अजिबात सोडायच्या नाहीत. अधेमधे गोळ्या सोडल्या की व्हायरस त्या औषधाला दाद देईनासा होतो, आणि बरीच माणसं इथंच सोडून देतात म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

बायकोची टेस्ट निगेटिव्ह आली, नंतर परत केली तेव्हा पण निगेटिव्ह. सहा महिन्यांनी माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते, तपासला तर मशीनला व्हायरस सापडलाच नाही. व्हायरस अंगात दडून असतोच म्हणून गोळी जन्मभर, पण लोड असा दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे ऐकून ती तिथंच बाकावर बसून रडली, कितीतरी महिने आम्ही अंतर ठेवून राहत होतो.

त्रास आजारापेक्षा माणसांचा जास्त. एका दवाखान्यात मी आजार सांगितल्यावर दाढ काढायला नाही म्हणाले, सरळ परत पाठवलं. २०१७ चा कायदा आहे, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, नोकरीवरून काढता येत नाही, आणि परवानगीशिवाय कुणाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. काउन्सिलर ताईंना सांगितलं, त्यांनी सिव्हिलच्या दातांच्या विभागात बोलणं केलं आणि दाढ तिथं निघाली.

आता सीडी४ ४१० आहे, कामावर परत जातोय. कुणाला काही विचारायचं असेल तर १०९७ या एचआयव्हीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पडत नाहीत.