तेलावीची मरानी आणि तारण

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी, तिच्याबद्दल सगळेच लिहितात, ते सोडतो. गोंबोरी घाटातून मार्शरुतकाने, म्हणजे तिथल्या वडापने, गुडघे पोटाशी घेऊन तेलावीला पोचलो आणि एका द्राक्ष बागायतदाराच्या घरी खोली घेतली.

यजमान मरानीत होते. मरानी म्हणजे वाइनची खोली. वाइन आंबवायचा, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा रांजण, क्वेव्री, चेरीच्या सालीच्या कुंचल्याने आतून घासणं चाललं होतं. पाणी उपसायचं, डोकं आत घालून वास घ्यायचा, नाक मुरडायचं, परत घासायचं. २०१३ मध्ये युनेस्कोने क्वेव्री वाइनची ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली. "पण बँक वारसा तारण धरत नाही ना," त्यांची मुलगी इंग्रजीत म्हणाली.

सोव्हिएत काळ संपल्यावर जमिनी वाटल्या गेल्या आणि घरटी तुकडे हातात आले. यांचे तीन तुकडे, तीन दिशांना. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइन बंद केली, तेव्हा सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच गेलं. २०१३ मध्ये ते परत आलं, त्याच वर्षी सरकारने शेतीकर्जाच्या व्याजातला वाटा उचलायला सुरुवात केली. पण कर्ज द्यायचं बँकेनेच. एवढ्याशा बागेसाठी बँकेने यांना घर गहाण मागितलं; बाप उठून आला. फवारणीला फक्त गंधक आणि बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण. डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आली की घड जातात, आणि सेंद्रिय प्रमाणपत्राची फी मात्र माल विकण्याआधी भरायची. नाशिककडच्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. तेलावीतल्या २०१२ च्या गारपिटीचा विषय निघाल्यावर यजमान नुसतेच हात झटकत राहिले.

मग पैसा येतो कुठून? माझ्या खोलीच्या भाड्यातून! बाटल्या, बुचं, लेबलं, सगळं त्यातूनच.

म्हणून दुसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. टूरची बस आली. माणसं उतरली, क्वेव्रीत मोबाइल घालून फोटो काढले, सापेरावी, म्हणजे तिथली लाल वाइन, चार-चार पेले रिचवली, एक बाटली न घेता बसमध्ये चढली. यजमान हसत हसत ओततच होते, वर प्रत्येक पेल्याला लांबलचक भाषण. मला तर ती भाषणंही जड झाली होती.

मुलीने मागे कधीतरी चव घेण्याचे दर लिहिलेली पाटी फाटकाला लावली होती. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून बापाने ती काढून कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकली. बस गेल्यावर दोघांचं जोरात वाजलं. जॉर्जियन मला ओ की ठो कळत नाही, पण मी पूर्णपणे मुलीच्या बाजूने होतो.