पाच फुटांचा ओटा

एका खोलीच्या घरात ओटा असतो साधारण पाच फुटांचा. त्यातले अडीच फूट दोन बर्नरची शेगडी खाते, दीड फूट सिंक. उरला एक फूट. भाजी चिरायची तिथेच, पोळ्या लाटायच्या तिथेच, मिक्सरही तिथेच. तेव्हा ओट्यावर कायमचं काहीही ठेवायचं नाही, तेलाची बरणीसुद्धा नाही. सिंकच्या तोंडापेक्षा दोन्हीकडे दोन-दोन इंच जास्त लांब अशी लाकडी फळी करून घ्या. सिंकवर टाकली की चिरायला दीड फूट जागा वाढते. फळी सरकते, म्हणून खाली रबराच्या पट्ट्या हव्यातच.

बाकी सगळा भार भिंतीवर. फळ्यांची खोली आठ-नऊ इंच पुरे, त्याहून जास्त झाली की वाकताना कपाळ आपटतं. खालची फळी ओट्यापासून दीड-पावणेदोन फुटांवर, आणि शेगडीच्या डोक्यावर फळी नकोच. टाइलला भोक पाडताना खुणेवर मास्किंग टेप लावा, टाइलचं बिट वापरा आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणं, बंद ठेवा. टाइल ठोकल्यावर पोकळ वाजली तर ती जागा सोडा. बहुतेकांची टाइल मात्र तडकते ती नंतर, स्क्रू आवळताना. स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग टाइलच्या जाडीतच राहिलेला असतो, तो फुगला की टाइल फुटते. प्लग पूर्ण आत, विटेत गेला पाहिजे. नळाच्या आणि स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल लावू नका.

भाड्याचं घर असेल तर चिकट हूक. पण टाइल आधी स्पिरिटने पुसा, एक दिवस वजन टांगू नका. शेगडीजवळ ते तेलकट वाफेने सुटतातच.

डबे चौकोनीच घ्या. गोल डबा चौकोनी जागेतला जवळजवळ 21 टक्के भाग वाया घालवतो. एक किलो तांदळाला सव्वा लिटरचा डबा लागतो, तेवढ्याच कणकेला दोन लिटरच्या आसपास. ‘किलोचा डबा’ हे माप फसवं.

छताची ट्यूब पाठीमागे असल्यामुळे आपलीच सावली विळीवर पडते. फळीच्या खाली, पुढच्या कडेला दोन फुटी एलईडी पट्टी लावा, 4000 केल्विनची, म्हणजे फार पिवळ्या नाही आणि निळसरही नाही अशा उजेडाची. पिवळ्या उजेडात कांदा किती परतला ते कळत नाही. इंडक्शन 2000 वॅटचं असेल तर ते नऊ अँपिअरच्या घरात ओढतं. त्याला 16 अँपिअरचंच सॉकेट हवं, 6 चं तापून वितळू शकतं.

सिलिंडर ओट्याखाली, उभाच. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. म्हणून कपाटाच्या दाराला तळाशी झरोके हवेत. दारं करायचीच नसतील तर सुती पडदा उत्तम. रंगाची सगळी हौस त्यावर भागवा, आणि जमिनीपासून दोन इंच वर ठेवा. नाहीतर लादी पुसताना रोज भिजतो.