सड्यावरचं तिरकं ऊन

भाद्रपद. चवथ झाली, पावसाने उसंत घेतली आणि जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, रानफुलांनी निळा-जांभळा झालाय. सूर्योदय साधारण सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान, पण पूर्वेला डोंगराची रांग असेल तर ऊन सड्यावर टेकायला आणखी वेळ जातो. तिथून पुढे मात्र घाई. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, तासाला १४-१५ अंश. फुलांचे फोटो काढायला हवं ते पाकळीतून आरपार जाणारं तिरकं ऊन जेमतेम तासभर. आठनंतर ते डोक्यावरून पडायला लागतं.

सूर्य फुलामागे आला की काम झालं असं वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं, कारण फुलामागे काळोख हवा. तेरड्याची पाकळी मागून कितीही उजळो, तिच्या पाठीशी पांढरं आभाळ असेल तर ती मळकट दिसते. तीच पाकळी गडद झाडीसमोर दिव्यासारखी पेटते. सूर्याकडे तोंड केलं की झुडपांची आपल्याकडची बाजू सावलीतच असते, तेवढी पुरते. म्हणून मोकळ्या माळावरचं देखणं फूल सोडून द्यावं आणि ज्याच्या मागे चार-पाच मीटरवर झुडूप आहे असं साधं फूल निवडावं. अगदी जमिनीला टेकून आभाळ मागे येत असेल तर कॅमेरा वीतभर उचलावा. सूर्य चौकटीबाहेर ठेवावा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे थेट बघू नये, टेलिफोटो लावलेली असताना तर नाहीच.

मागे काळोख असला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. तो फोटो उजळवतो आणि पाकळीची कड जळून जाते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) −०.७ ते −१ ठेवावं. मागे आभाळ आलंच तर उलट, +१ च्या आसपास. तेरड्याच्या गुलाबीत लाल रंग सगळ्यात आधी जळतो आणि साध्या हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, ते कळत नाही. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघावा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची पिवळी-निळी छटा ठरवणारी सेटिंग, डेलाइटवर. ऑटोवर ठेवला तर सकाळचा पिवळेपणाच पुसला जातो, ज्याच्यासाठी एवढ्या पहाटे उठायचं.

फोटो धुरकट येतो तो बहुतेक वेळा लेन्सच्या पुढच्या काचेवर ऊन पडल्यामुळे. काच डोळ्यांनी तपासावी. लेन्सवरचं सावली धरणारं हूड कमी पडलं तर टोपीने सावली धरावी, पण ती काचेवरच. फुलावर पडली की सगळंच गेलं. यूव्ही फिल्टर काढून ठेवावा, त्याच्यामुळे हिरवट ठिपके येतात.

आता दवबिंदू. दव नव्हे, त्या नावाची कीटकभक्षी वनस्पती. तिच्या बारीक पानांवर लालसर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकाचा थेंब. मागून ऊन आलं की हे थेंब एकेक करून पेटतात. गवतावरचं दव ऊन तापलं की सुकतं, हा चीक टिकतो. तेव्हा आधी दवाने भरलेलं गवत आणि सीतेची आसवं ही सड्यावरची नाजूक रानफुलं उरकावीत, दवबिंदू शेवटी ठेवावा.

सीतेच्या आसवांचा देठ दोऱ्यासारखा, श्वासानेही हलतो. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली जाऊ नये. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० झाला तरी चालेल. फूल प्रत्यक्षाच्या निम्म्या आकारात टिपताना एफ/८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात जेमतेम ३ मिलीमीटर खोली स्पष्ट येते. एवढ्यात सगळं फूल मावत नाही, म्हणून सेन्सर पाकळीला समांतर धरावा. एफ/१६ ला गेलं तर मागची झुडपं काटेरी होऊन पुढे येतात. ट्रायपॉडपेक्षा किलो-दीड किलो तांदळाची पिशवी बरी, ती जमिनीला धरून बसते.

गुडघे कुठे टेकतो ते पाहावं. जांभ्यावरची माती बोटभरही नसते आणि सगळं त्या ओल्या मातीतच उगवतं. पाय उघड्या दगडावर. आड येणारं गवत उपटायचं नाही, काडीने बाजूला दाबून धरायचं आणि नंतर सोडायचं.

एसीच्या खोलीतून काढलेला कॅमेरा या दमट हवेत लगेच घामेजतो. बॅग न उघडता अर्धा तास बाहेर ठेवावी. परतल्यावर ओल्या बॅगेत लेन्स तशीच राहू देऊ नये, आपल्याकडे बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.