मामा तलावातली जानेवारी

साकोलीहून आत वळलं की अर्ध्या तासावर मावशीचं गाव. धान कापून झालेलं, बांध्यांत लाखोळी हिरवीगार, आणि गावाच्या वरच्या अंगाला मामा तलाव. माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, जमीनदारांच्या ताब्यातला, म्हणून मामा. भंडारा-गोंदियातले असे कितीतरी तलाव कोहळी लोकांनी बांधले. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. मी मात्र आठ दिवस आले होते ते थंडीसाठी.

इंग्लिश चॅनल एकटीने पोहायची तर आधी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग ६ तास पोहून दाखवावं लागतं. अंगावर साधा स्विमसूट, टोपी, गॉगल, बस. १९५९ मध्ये आरती साहा अशाच पोहून गेल्या. नागपूरच्या टँकमध्ये अंतर जमतं, थंडी मिळत नाही.

पहिल्या पहाटे पाळीवरून उतरले. पाण्यावर वाफ, थर्मामीटरवर १९. छातीला पाणी लागलं आणि धापाच सुरू झाल्या. दोन-तीन मिनिटांत हे ओसरतं, तोवर तोंड पाण्यात घालायचं नाही, श्वास लांबवून सोडायचा. सगळं पाठ होतं, तरी घाबरले. चौथ्या दिवशी तेच पाणी अंगाने मुकाट्याने घेतलं.

शिंगाड्याच्या वेलांपासून दूर, ढिवर काकांचा डोंगा कायम शेजारी. त्यांना एकच काम सांगितलं होतं: मला मधूनमधून बोलतं करायचं. जीभ जड झाली की थंडी आत शिरली.

"काल सांजंला काय खाल्लं वं बाई?"

"वांग्याची भाजी, भात!"

पाचव्या दिवशी माझा 'भात' नीट उमटला नाही. करंगळी बाकीच्या बोटांना चिकटत नव्हती. काकांनी काही न विचारता वल्हं पुढे केलं.

बाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून निवतच राहतं. मावशीने बादलीभर कढत पाणी काढून ठेवलेलं, ते नाकारताना जिवावर आलं. आधी अंग कोरडं, मग स्वेटर, घोंगडी, मग गुळाचा चहा. कप दोन्ही हातांनी धरूनही सांडत होता. तणसाच्या शेकोटीजवळ जायला मावशीने त्यानंतरच परवानगी दिली. दोन दिवसांत तीही शिकली होती.

शेतातला हौद उथळ, उघड्यावरचा. रात्रीतून तलावापेक्षा जास्त निवतो. शेवटच्या पहाटे त्यात थर्मामीटर सोडला. १६. मावशी कठड्यावर घड्याळ घेऊन बसली, मी गळ्यापर्यंत आत.

"काल काय जेवलीस?" तिने विचारलं.