उजवी बाही आधी

अण्णांना अर्धांगाचा झटका आला, त्याला येत्या पौषात तीन वर्षे होतील. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उजवा हात, उजवा पाय व वाचा एकदमच गेली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आम्ही तालुक्याच्या गावाहून शहरात पोहोचेपर्यंत ती वेळ टळून गेली होती. जीव वाचला. घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर सात औषधांची नावे होती आणि शेवटी एक ओळ होती : ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी.’ कोणाकडे, किती दिवस आणि वाचेचे काय, याविषयी कोणी काही सांगितले नाही. त्या एका ओळीत जे मावले नव्हते, ते आज लिहावेसे वाटते.

घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवून जाई. कोणी तेल सांगे, कोणी लकव्याचे औषध देणाऱ्या गावाचे नाव सांगे. मालिश केल्याने अण्णांना बरे वाटत असे, त्यामुळे ते आम्ही थांबवले नाही. पण मालिश म्हणजे उपचार नव्हे, हे आमच्या फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. मेंदूचा जो भाग मेला तो पुन्हा जिवंत होत नाही. त्याचे काम शेजारचे भाग हळूहळू शिकून घेतात, आणि ते शिकणे रुग्णाने स्वतः केलेल्या, शेकडो वेळा केलेल्या हालचालीतूनच होते. पहिल्या काही महिन्यांत ही सुधारणा सर्वांत वेगाने होते, म्हणून ‘आधी जरा ताकद येऊ दे, मग व्यायाम बघू’ हा आपल्याकडचा प्रेमळ सल्ला रुग्णाचे फार नुकसान करतो.

एक चूक आमच्या हातूनही घडली. अण्णांना उठवताना आम्ही त्यांच्या उजव्या बगलेत हात घालून त्यांना वर ओढत असू. स्नायू लुळे पडलेले असताना असे ओढले की खांद्याचा सांधा खाली सरकतो. ते दुखणे पुढे पाच महिने पुरले, आणि हात सुधारण्याच्या ऐन दिवसांत ते हात हलवूच देत नव्हते. अर्धांगाच्या रुग्णाला कसे उचलावे, एवढे तरी रुग्णालयातून निघण्यापूर्वी घरच्यांना करून दाखवायला हवे, असे मला कळकळीने वाटते. पायाची गोष्ट त्या मानाने सरळ होती : पलंगाच्या कडेला बसणे, उभे राहणे, वॉकर, आणि आठव्या महिन्यात तीन पायांची काठी.

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे पुन्हा स्वतः करायला शिकवणारा उपचार, हा शब्द मी तेव्हा प्रथमच ऐकला. विशेष म्हणजे भारतातले या विषयाचे पहिले शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली सुरू झाले आणि ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन असल्या, तरी लग्नानंतर आपल्याच झाल्या होत्या. इतक्या वर्षांनंतरही आपल्या गावागावांत या उपचाराची ओळख नसावी, याचे वाईट वाटते. फिजिओथेरपिस्टने पायात बळ आणले, तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी अण्णांना पहिला प्रश्न विचारला, “काका, दिवसभरात कोणती गोष्ट दुसऱ्याने केलेली तुम्हाला आवडत नाही?” अण्णांनी डाव्या हाताने स्वतःचा सदरा चिमटीत धरून दाखवला.

मग पुढचे तीन आठवडे सदराच होता. सदरा मांडीवर उलटा पसरायचा, निकामी हात आधी बाहीत घालायचा, डाव्या हाताने ती बाही थेट खांद्यापर्यंत ओढून घ्यायची, मग पाठीमागून सदरा फिरवून डावा हात घालायचा. काढताना नेमके उलट, म्हणजे चांगला हात आधी. एका हाताने गुंड्या लागेनात, तेव्हा मॅडमनी आईला गुंड्यांच्या मागे वेल्क्रोची पट्टी शिवायला सांगितली. गुंड्या वरून तशाच दिसत होत्या, त्यामुळे अण्णांचा संकोच गेला. ताट सरकू नये म्हणून त्याखाली ओले फडके आणि मोरीत धरायला दांडा, अशा कितीतरी साध्या गोष्टी त्यांनी घर फिरून पाहून सुचवल्या. यातल्या एकाही गोष्टीने हात बरा झाला नाही, पण माणूस परावलंबी राहिला नाही. हा फरक समजायला मला वर्ष लागले.

वाचेचा प्रश्न सर्वांत अवघड होता. अण्णांच्या तोंडून सगळ्यासाठी “ते हे” एवढेच येत असे. पाणी हवे असले तरी “ते हे”, राग आला तरी “ते हे”. पॅरिसमधले डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्या रुग्णावरून मेंदूतील वाचेची जागा ओळखली, तोही ‘तान’ एवढेच बोलू शकत असे आणि त्याच नावाने ओळखला जात असे, हे पुढे वाचले तेव्हा अंगावर काटा आला. अशा माणसाची बुद्धी शाबूत असते, शब्द तेवढे सापडत नाहीत. लोक मात्र अण्णांशी बहिऱ्याशी बोलावे तसे मोठ्याने बोलत, किंवा त्यांच्यादेखत आम्हाला विचारत, “यांना कळतं का?” तेव्हा अण्णा मान वळवून भिंतीकडे पाहत.

स्पीच थेरपिस्टने आधी गिळणे तपासले, कारण घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. घट्ट पेजेपेक्षा पातळ पाणी अधिक धोक्याचे असते, हे तेव्हा कळले. मग एके दिवशी तिने अण्णांबरोबर एक ते दहा आकडे म्हणायला सुरुवात केली, आणि ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हते ते अण्णा चारपासून पुढे तिच्या बरोबरीने म्हणू लागले. त्यानंतर गणपतीची आरती. पहिले कडवे त्यांनी जवळजवळ पूर्ण म्हटले. दारात उभी असलेली आई तिथेच खाली बसली. अंगवळणी पडलेले शब्द आणि चालीत बांधलेले शब्द अशा आजारातही पुष्कळदा टिकून राहतात. त्याच आधारावर बॉस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली सुरावर बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली. डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरत, उंच-खाली अशा दोनच सुरांत “चहा हवा” म्हणायचे, मग सूर हळूहळू काढून घ्यायचा. सहा आठवड्यांनी अण्णांनी सूर न लावता चहा मागितला. आम्हालाही धडे होते : एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, उत्तरासाठी थांबायचे आणि त्यांचे वाक्य आपण पुरे करायचे नाही. हे थांबणे मला अजूनही जड जाते.

चौथ्या महिन्यात अण्णा जेवेनासे झाले आणि व्यायामाला नकार देऊ लागले. आम्ही त्याला हट्ट समजलो. मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला नैराश्य म्हटले, जे पक्षाघातानंतर पुष्कळ रुग्णांना येते आणि औषधाने व समुपदेशनाने आटोक्यात येते. बोलता न येणाऱ्याचे समुपदेशन चित्रांच्या पत्त्यांनी, होकार-नकारांनी आणि कागदावरच्या रेघोट्यांनी झाले. त्याच तज्ज्ञांनी आईला आठवड्यातून एक दुपार घराबाहेर काढायला लावली. तिची झोप आणि तिची पाठ याही या आजाराच्याच गोष्टी होत्या, पण तोवर त्या आम्ही कोणीच विचारल्या नव्हत्या.

उजव्या हाताची बोटे आजही पुरती उघडत नाहीत आणि ती उघडतील असे आता कोणी म्हणत नाही. अण्णा डाव्या हाताने सही करतात. सदरा घालायला त्यांना बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आम्ही समोर हात बांधून बसतो. सध्या फोनवर बोलण्याचा सराव चालू आहे. फोनवर खाणाखुणा उपयोगी पडत नाहीत, म्हणून तो कठीण. गेल्या रविवारी नाशिकहून धाकट्या भावाचा फोन आला. अण्णांनी रिसीव्हर डाव्या कानाला लावला, गुडघा शोधला, पण हात मोकळा नव्हता, म्हणून पायानेच ठेका धरला आणि म्हणाले, “कधी?” भावाने क्षणभर वाट पाहिली आणि सांगितले, “शनिवारी येतो, अण्णा.”