भूतान: रात्रींचा हिशेब आणि ताक्तसांगच्या पायऱ्या

भूतानच्या सीमेवरच्या जयगावात कुणी परमिटचे पैसे दिवसांवर मोजायला लागला तर तिथेच थांबवा. भारतीयांना भूतानमध्ये एसडीएफ, म्हणजे तिथल्या सरकारचं पर्यटक शुल्क, लागतं ते रात्रीवर: माणशी 1200 रुपये, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मे. पाच दिवसांची ट्रिप म्हणजे चार रात्री. आमच्या एजंटने पूर्ण दिवसांचे लावले आणि वर प्रोसेसिंगचे वेगळे. सरकारी पावती मागितल्याबरोबर आकडा खाली आला. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवंच, तिथे आधार चालत नाही.

सीमेपलीकडच्या फुन्टशोलिंगला फक्त झोपायचं. सकाळी लवकर निघालात तर थिम्फू पाच-सहा तासांत येतं. घाटात गेदूच्या आसपास धुकं इतकं दाट असतं की पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत, म्हणून अंधारात हा रस्ता करूच नका. थिम्फूत एक दिवस पुरे. झोंगमध्ये, म्हणजे किल्लेवजा मठात, जायचं तर कॉलरचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि फुल पँट लागते. पुनाखा सुंदर आहे, दोन नद्यांच्या संगमावरचा झोंग बघाच. वाटेत दोचुला खिंडीत थंडी वाजते, जॅकेट हाताशी ठेवा.

आता पारो, म्हणजे ताक्तसांग, कड्यावरचा मठ. "दोन तासांचं आहे, कुणीही चढतं" असं निघण्याआधी आम्हाला ज्याने त्याने सांगितलं होतं. चढ खरंच अवघड नाही. सह्याद्रीत नेमाने ट्रेक करणाऱ्याला अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंत काहीच वाटणार नाही. पण कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर आहे आणि इथे पायथाच त्याच्या कितीतरी वर, मठ तर 3100 मीटरच्या पुढे. पाय चालतात, श्वास पुरत नाही.

खरी फसवणूक कॅफेटेरियानंतर होते. कड्याच्या टोकावर आलात की मठ समोर, जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत दिसतो. पोहोचलोच असं वाटतं. मध्ये मात्र आख्खी दरी असते. शेकडो पायऱ्या खाली उतरायच्या, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा आणि समोरच्या कड्याला लागून परत तेवढंच चढायचं. पुलाजवळ पायऱ्या ओल्या असतात. परतीला हेच उलट, आणि तेव्हा गुडघे बोलायला लागतात. आमच्यातले दोघं इथे प्रत्येक वळणावर कठड्याला टेकून उभे राहत होते.

घोड्याच्या भरवशावर कुणाला नेऊ नका. घोडा कॅफेटेरियाच्या आसपासपर्यंतच जातो, पायऱ्यांवर नाही आणि उतरताना तर नाहीच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी कॅफेटेरियात चहा घेऊन तिथूनच मठ बघावा. दर्शन चुकलं असं वाटून घ्यायचं कारण नाही.

मठाचं तिकीट खालीच काढा, वर मिळत नाही. सातच्या आत चालायला लागा, कारण दुपारी जेवणासाठी मठ बंद होतो आणि त्या वेळी पोहोचलात तर घामाने भिजलेल्या कपड्यांत वाऱ्यात बसावं लागतं. मोबाईल, कॅमेरा, पाठपिशवी सगळं दाराशी ठेवावं लागतं. ते बरंच आहे. 1998 च्या आगीत जळालेला हा मठ 2005 पर्यंत पुन्हा उभा केला, त्याच कड्यावर, आणि आत तुपाच्या दिव्यांच्या वासात, गार फरशीवर मांडी घालून बसलं की पायऱ्यांवरचा राग पार निघून जातो. तेवढ्यासाठी मी पुन्हा चढेन.

आमच्या टूरवाल्याने त्याच दुपारी चेले-ला खिंड लावली होती, म्हणजे जवळजवळ 4000 मीटर! आम्ही सरळ रद्द केलं. तुमच्या कार्यक्रमात असं असेल तर निघण्याआधीच बदलून घ्या. त्याऐवजी पारोतल्या एखाद्या शेतघरी तापल्या दगडांच्या पाण्याची अंघोळ सांगून ठेवा, आणि तीही सकाळीच सांगा, कारण दगड तापायला काही तास लागतात.